गेममधली नदी महाडकराला कशी दिसते?

कन्सोलवरच्या नव्या गेममध्ये आता नद्यांना पूर येतो, पूल झिजतात, चिखल धुवावा लागतो. खरा पूर घरात घेतलेल्या गावात बसून हे गेम खेळले तर त्यातलं काय पटतं आणि काय पटत नाही? या पावसाळ्यात खेळलेल्या काही गेमबद्दल.

"आत्ता नको उतरू पाण्यात. भरती असणार. तासाभरात ओसरेल."

बाबा हे टीव्हीकडे बघून म्हणाले. टीव्हीवर ऑस्ट्रेलियातली एक नदी होती. पाठीवर पेट्यांची चळत घेतलेला एक माणूस तिच्या काठावर उभा होता आणि त्याला चालवणारा कंट्रोलर माझ्या हातात होता. बाबांना गेममधलं काही कळत नाही, ते शेजारी बसून पेपर वाचत होते. पण टीव्हीतल्या पाण्याचा आवाज बदलला तशी त्यांची मान वर झाली. महाडच्या बाजारपेठेत आयुष्य काढलेला माणूस गढूळ पाणी दिसलं की आधी भरतीची वेळ बघतो. सावित्रीला पूर आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला उधाण असेल, तर पाण्याला पुढे जायला जागा नसते, हे इथे शाळेत शिकवावं लागत नाही.

मी ऐकलं, थांबलो. त्या नदीला भरती-ओहोटी नाही, हे मला माहीत होतं. पण पाऊस थांबला आणि थोड्या वेळाने पाणी खरोखर उतरलं. बाबांनी "बघ" अशा अर्थाचा हुंकार दिला आणि पेपरचं पान उलटलं.

कोणते गेम, आणि ते खेळायला काय लागतं?

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, फक्त गेमसाठी बनवलेला संगणक. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विच ही त्यातली मुख्य नावं. माझ्याकडे प्लेस्टेशन ५ आहे. भारतात तो फेब्रुवारी २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढे महाग झाला. नवा मोठा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. त्यामुळे महाडसारख्या गावात कन्सोल घेणारा माणूस गेम विकत घेताना साडी घेणाऱ्या बाईपेक्षा जास्त विचार करतो. मी बहुतेक गेम सवलतीची वाट बघून किंवा वापरलेली डिस्क मिळवून खेळतो. त्यात जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून इन्व्हर्टर हा इथे कन्सोलचाच एक भाग समजायचा.

या पावसाळ्यात जे खेळलो त्यात जास्तीत जास्त तास गेले ते 'डेथ स्ट्रँडिंग २ : ऑन द बीच'मध्ये. हिदेओ कोजिमा यांच्या जपानी स्टुडिओचा हा गेम २६ जून २०२५ला आला, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर. तो समजावा म्हणून मी २०१९चा पहिला भाग पुन्हा काढला. मधे मधे 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' आणि 'पॉवरवॉश सिम्युलेटर' खेळलो. हे गेम एकमेकांशी काही नातं सांगत नाहीत. माझ्या डोक्यात ते एकत्र आले ते पाणी आणि डोंगर यांच्यामुळे.

यात एक खुलासा आधीच करतो. माझा पहिला कन्सोल, प्लेस्टेशन ४, मी लोणेरेहून इंजिनीअरिंग करून बाहेर पडल्यावर पहिल्या काही पगारांतून घेतला होता. २२ जुलै २०२१च्या रात्री तो आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होता. पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही आधी हिशेबाच्या वह्या वर नेल्या, मग सिलिंडर, मग तांदूळ, मग जेवढा माल हातात येईल तेवढा. कन्सोलची आठवण झाली तेव्हा जिन्याच्या सहा पायऱ्या पाण्याखाली होत्या. नंतर मी तो उघडला, बोर्ड काढून स्पिरिटने साफ केला, उन्हात ठेवला. पंख्याच्या पात्यांमध्ये तळहातावर मावेल इतका गाळ निघाला. कन्सोल सुरू झाला नाही तो नाहीच. त्यामुळे गेममधल्या पाण्याबद्दल मी तटस्थ आहे, असा दावा मला करता येणार नाही.

'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये नेमकं करायचं काय?

ओझं वाहायचं. पुष्कळांना हे ऐकून हसू येतं. जग एका आपत्तीने मोडलं आहे, माणसं एकमेकांपासून तुटलेल्या वस्त्यांमध्ये राहतात आणि सॅम नावाचा हमाल एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत सामान पोचवतो. औषधं, बी-बियाणं, यंत्रांचे सुटे भाग. पहिला भाग अमेरिकेत घडतो, दुसरा मेक्सिको आणि ऑस्ट्रेलियात. यातला पाऊस ज्या वस्तूवर पडतो तिला म्हातारं करतो: पेट्या गंजतात, पूल झिजतात.

पोलादपूरच्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ओझं वाहायला पाच हजार कशाला देतोस? गावी ये, फुकट देतो." त्याची वाडी रस्त्यापासून वर आहे. सिमेंटची गोणी असो नाहीतर गॅसचा सिलिंडर, शेवटचा टप्पा खांद्यावरच जातो. तरी एका रविवारी तो आला, दोन तास खेळला आणि पहिल्याच चढावर त्याने एक गोष्ट बरोबर पकडली. पेट्या उंच रचल्या की सॅम डुगडुगतो. तोल सावरायला कंट्रोलरच्या मागची दोन्ही बटणं दाबून धरावी लागतात. वेगाने वळलं तर ओझं एका बाजूला ओढतं. "जड खाली, हलकं वर," मित्र म्हणाला आणि पेट्या नव्याने लावायला लागला. त्याला हे कुठल्या सूचनेतून कळलं नव्हतं.

मात्र दुसरी गोष्ट त्याला खटकली. गेमच्या सुरुवातीलाच सॅमला एका मृत बाईला पाठीवर बांधून डोंगरातल्या दाहगृहापर्यंत न्यायचं असतं. मित्राने कंट्रोलर खाली ठेवला. "एकटा कसा नेईल?" त्याच्या आजीला आजारपणात डोलीतून खाली आणलं होतं, तेव्हा बांबूला चार जण होते आणि खांदा बदलायला आणखी चार मागून चालत होते. डोंगरातल्या अनेक वाड्यांवर अजून हेच आहे. गेमचा नायक एकटा असतो, कारण कंट्रोलर एकाच्या हातात असतो. ही सोय आहे, डोंगराचं वास्तव नाही, हे मला त्याच्या प्रश्नामुळे कळलं.

पाण्याचं गणित गेमला कितपत कळलं आहे?

इथे थोडं इंजिनीअरिंग. वाहत्या पाण्याचा अंगावर येणारा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, धक्का चौपट. त्यात पाणी माणसाला वर उचलत असतं, म्हणजे पायाची जमिनीवरची पकड कमी होते. म्हणून गुडघाभर पाणी दिसायला काहीच नसतं आणि माणूस आडवा करायला पुरतं. मोटार तर आणखी लवकर तरंगते, कारण तिच्या आत हवा असते. दर पावसाळ्यात आम्ही डेस्कवर 'पुलावरून पाणी जात असताना गाडी घालू नका' ही बातमी लावतो. दर पावसाळ्यात कुणीतरी घालतोच.

बहुतेक गेममध्ये नदी म्हणजे निळा रस्ता. नायक तिच्यात उडी मारतो, पोहतो, पलीकडे निघतो, कपडे दोन मिनिटांत वाळतात. 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये तसं नाही. काठावर उभं राहून एक बटण दाबलं की सॅमच्या खांद्यावरचं यंत्र पाणी तपासतं. निळी खूण असेल तिथून चालत जाता येतं, पिवळी असेल तिथे दमछाक होते, लाल असेल तिथे वाहून जाल. वाहून गेलं तर सॅम एकीकडे आणि पेट्या दुसरीकडे. खालच्या वळणापर्यंत त्यांच्या मागे पळावं लागतं. दुसऱ्या भागात भर अशी की जोराचा पाऊस झाला तर नदी फुगते. सकाळी जिथून निळ्या खुणेवरून गेलो तिथे परत येताना लाल असतं.

मला हे आवडतं, कारण गेम तुम्हाला परतीचा विचार करायला लावतो. इकडचा माणूस तो सतत करत असतो. पोलादपूरला वीसेक किलोमीटरवर कामाला गेलेला माणूस दुपारी घरी फोन करून "पाणी कुठवर आलंय?" विचारतो, ते उगाच नाही. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. आंबेनळी घाटाच्या अंगाने उतरून ती पोलादपूरवरून महाडला येते. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो पाऊस आमच्या जिन्यात आला.

पण जे दिसत नाही तेही सांगायला हवं. गेममधली जमीन कायम असते. सॅम घसरतो, दुसऱ्या भागात भूकंप झाला की दगड गडगडत येतात, तरी डोंगर आपल्या जागी राहतो. मित्राच्या शब्दांत, "दरडीत पाय घसरत नाही, डोंगरच घसरतो." याला तांत्रिक कारण आहे. गेमचा नकाशा आधी बनवून ठेवलेला असतो. कुठे चालता येईल, कुठे आपटेल, कुठली वस्ती कुठे, हे सगळं त्या नकाशावर बसवलेलं असतं. अख्खा उतार खेळ चालू असताना खाली आणायचा म्हणजे हे सगळं पुन्हा मोजावं लागतं. म्हणून डिझायनर तो तसाच ठेवतात. २००५मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन. २०२१मध्ये महाड तालुक्यात तळिये, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे. एकट्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. ज्या गावाचा नकाशाच बदलला त्या गावच्या माणसाला, नकाशा न बदलणारा डोंगर हा खेळण्यातला वाटला तर त्यात चूक नाही.

आणखी एक. सॅम मरत नाही. तो दरवेळी परत येतो, कथेतही त्याला तशी शक्ती आहे. नुकसान पेट्यांच्या टक्केवारीत मोजलं जातं. 'मालाचं नुकसान २३ टक्के.' पहिल्यांदा हा आकडा पडद्यावर पाहिला तेव्हा मला दुकानाचा पंचनामा आठवला आणि मी गेम बंद केला. तो दिवस तसाच होता, गेमचा दोष नाही.

पूल कोण बांधतं?

'डेथ स्ट्रँडिंग'ची सगळ्यात चांगली कल्पना लढाईत नाही, पुलात आहे. तुम्ही खेळता तेव्हा दुसरा खेळाडू पडद्यावर दिसत नाही. पण त्याने लावलेली शिडी, बांधलेला दोर, उभारलेला पूल तुमच्या नदीवर दिसतो. एखादा भाग तुम्ही जाळ्याला जोडला की अनोळखी माणसांच्या या खुणा उगवायला लागतात. तुम्ही त्यावरून जाता, वाटल्यास 'लाइक' देता. तुमचा पूल तसाच कुणाच्या तरी नदीवर असतो. रस्त्यासाठीही माल अनेक जण थोडा थोडा टाकतात आणि एके दिवशी रस्ता तयार होतो. एका तपाहून जास्त काळ मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण बघत असलेल्या माणसाला ही या विज्ञानकथेतली सगळ्यात अविश्वसनीय गोष्ट वाटते.

पुलाजवळ गेलं की तो किती टिकाऊ उरला आहे ते दिसतं. पावसाने झिजला असेल तर कुणीही दुरुस्त करू शकतो. ही सोय बघताना २ ऑगस्ट २०१६ची रात्र डोक्यातून काढणं मला जमत नाही. महाड-पोलादपूर दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस, एक राजापूरहून आणि एक जयगडहून मुंबईकडे निघालेली, आणि खासगी वाहनातली माणसं अंधारात नदीत गेली. दिवसचे दिवस शोध चालला. बस शोधायला क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं होतं. मृतदेह पार खाडीच्या तोंडापर्यंत आणि समुद्रकिनाऱ्यांवर सापडले. मी तेव्हा कॉलेजात होतो. नवा पूल जून २०१७मध्ये, पुढच्या पावसाआधी उभा राहिला. जुन्या पुलांच्या तपासण्यांचे आदेशही तेव्हाच निघाले.

त्या रात्रीची एक गोष्ट कमी सांगितली जाते. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आलं की गाड्यांचे दिवे पुलावर जातात आणि पलीकडे निघत नाहीत. त्याने मालकाला उठवलं आणि दोघांनी भर पावसात रस्त्यावर येऊन पुढची वाहनं थांबवली. 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये खेळाडू एकमेकांसाठी इशाऱ्याच्या पाट्या लावतात: पुढे खोल पाणी, पुढे उतार. मला वाटतं, कोजिमांना जे सांगायचं आहे ते त्या गॅरेजवाल्याने आधीच करून दाखवलं होतं. फरक इतकाच की गेममध्ये पाटी लावणारा कोरडा असतो.

गेममधला 'वेस्टर्न घाट' ओळखीचा वाटतो का?

'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' २०१७चा. मी तो आता पीएस५वर खेळलो. खजिना शोधणारी क्लोई फ्रेझर आणि तिची जोडीदार नडीन रॉस होयसळ राजवटीच्या लुप्त नगरीत गणपतीचा सुळा शोधतात. एका मोठ्या प्रकरणाचं नावच 'द वेस्टर्न घाट्स' आहे. जीप घेऊन चिखलातून, धबधब्यांखालून कुठेही फिरायचं. गणपतीचा दात परशुरामाच्या परशूने तुटला, ही कथाही कोड्यांमध्ये गुंफली आहे. ज्या परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण मिळवलं असं आपण ऐकत मोठे होतो, तो अमेरिकी गेममध्ये भेटल्यावर मी आईला बोलावून दाखवलं.

दिसायला घाट फार सुंदर केला आहे. ओला काळा कातळ, शेवाळ, दरीतून वर येणारा ढग, सगळं नीट बघून केलेलं. पण तिथे माणूसच नाही. वाडी नाही, गुरं नाहीत, नाचणीचं खाचर नाही, पायवाटेवर मोळी घेऊन उतरणारी बाई नाही. भेटतात ते फक्त बंदूकधारी. बाहेरच्याला डोंगर रिकामा हवा असतो, म्हणजे मग त्यात लुप्त नगरी सापडते. आईने पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "जळवा नाहीत का रे इथे?" यापेक्षा नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

भारतीयांनी केलेले गेम नाहीत, असं मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२०मध्ये कन्सोलवर आला आणि जगभर खेळला गेला. टोरांटोच्या व्हिसाई गेम्सचा 'वेंबा' (२०२३) एका तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून स्थलांतराची गोष्ट सांगतो. इडली-पुट्टू करता करता मुलगा भाषा कशी विसरत जातो, ते दोन तासांत कळतं. मी खेळलेल्या एकाही कन्सोल गेममध्ये मराठी नाही. 'शिवाजी महाराजांवर गेम का नाही?' हा प्रश्न तर रायगडाच्या पायथ्याशी दर आठवड्याला ऐकू येतो. माझं मत विचाराल तर तलवारीच्या आधी कुणीतरी घाटवाटा नीट कराव्यात. पार घाट, वरंधा, मढे घाट. पावसात त्या वाटेने सामान, माणसं, निरोप कसे जात असतील, एवढं जरी गेमला जमलं तरी इतिहासाचा अर्धा भाग कळेल.

पूर ओसरल्यानंतरचा गेम कुठे आहे?

पुराचे गेम आहेत. पुरानंतरच्या दिवसाचा जवळ जाणारा एकच मला सापडला आणि त्याचा पुराशी संबंध नाही. ब्रिटनच्या फ्युचरलॅबचा 'पॉवरवॉश सिम्युलेटर' (२०२२). यात तुमच्याकडे उच्च दाबाच्या पाण्याची बंदूक असते आणि मळलेल्या वस्तू धुवायच्या असतात. गाडी, घर, खेळाचं मैदान. शेवटचा डाग गेला की टिंग असा आवाज येतो आणि तो भाग चमकतो. बस्स. लोक याच्यात शेकडो तास घालवतात. मीही पस्तीसेक घातले.

आईला हे अजिबात पटलं नाही. "हे काम तू पैसे देऊन करतोस?" २०२१च्या त्या आठवड्यात तिने फावडं धरलं होतं. गाळ ओला असताना काढला नाही तर सिमेंटसारखा बसतो, म्हणून रात्री बॅटरीच्या उजेडातही घमेली फिरत होती. त्या गाळाला तेलाचा, मेलेल्या गुरांचा, कुजलेल्या धान्याचा मिळून एक वास होता. तो कपाटांच्या लाकडात पुढच्या दिवाळीपर्यंत राहिला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, फ्रिज, वह्या, देवांच्या तसबिरी यांचे ढीग. मदतीला बाहेरच्या महापालिकांची सफाई पथकं आली, कुठकुठची तरुण मंडळी टेम्पो भरून आली, नाव न सांगता आमचं दुकान उपसून पुढच्या गल्लीत गेली.

आणि पाणी नव्हतं. गाव पाण्यात बुडून नुकतं वर आलेलं आणि धुवायला पाणी नाही, प्यायला नाही. टँकर आला की आधी हंडे, मग जमिनी. 'पॉवरवॉश'मध्ये पाणी कधीच संपत नाही. पाइप कुठे जोडला आहे ते दिसत नाही, टाकी रिकामी होत नाही, वीज जात नाही. या गेमचं सगळं सुख त्या न संपणाऱ्या पाण्यात आहे. तरी तो मला आवडतो, हे कबूल करतो. एका भिंतीवरून वरपासून खालपर्यंत मळाची रेघ सरकत जाते आणि मागे स्वच्छ रंग उरतो, तेव्हा आत काहीतरी सैल होतं. आमच्या दुकानाच्या भिंतीवर पाण्याची खूण आहे, माझ्या डोक्याच्या वर. बाबांनी रंग देताना ती मुद्दाम ठेवली. तारीख लिहिली आहे. ती धुवायची नाही, असं ठरलं आहे.

गेममुळे खऱ्या गावाला काही मिळतं का?

एक उदाहरण आहे. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा जुलै २०२०चा गेम, त्सुशिमा या जपानी बेटावर १२७४मध्ये झालेल्या मंगोल स्वारीवरचा. पडद्यावर बाण किंवा ठिपका दाखवून रस्ता सांगत नाही. वारा सुटतो आणि गवत ज्या दिशेला झुकतं तिकडे जायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वादळाने खऱ्या त्सुशिमातल्या वाताझुमी मंदिराची तोरणासारखी कमान, जिला ते तोरी म्हणतात, पाडली. मंदिराने दुरुस्तीसाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा गेम खेळलेल्या लोकांनी जगभरातून पैसे पाठवले. जमा झालेली रक्कम मागितलेल्या रकमेच्या कितीतरी पट होती. पुढे गेमच्या दोन दिग्दर्शकांना त्या बेटाचे पर्यटन दूत केलं गेलं. त्या लोकांनी बेट कधी बघितलेलं नव्हतं. पण त्या गवतातून चाललेले होते.

याच मालिकेतला 'घोस्ट ऑफ योतेई' २ ऑक्टोबरला आला आहे. तो मी नुकताच सुरू केलाय, त्यावर बोलणं आता घाईचं होईल.

सप्टेंबर संपताना 'डेथ स्ट्रँडिंग २'मध्ये मी त्याच नदीवर परत गेलो, जिथे बाबांनी मला थांबवलं होतं. या वेळी तिथे पूल होता. मी बांधलेला नव्हे. पाटीवर कुणा खेळाडूचं नाव होतं, काही अक्षरं आणि काही आकडे. मी पुलावर थोडा माल टाकून तो दुरुस्त केला आणि लाइक दिला. बाबा चहा घेत होते.

"कोणी बांधला?"

"माहीत नाही. कुठल्या तरी देशातला कुणी."

"विचार त्याला, तिकडे पाऊस थांबला का."

विचारायची सोय गेममध्ये नाही. मी आणखी एकदा लाइकचं बटण दाबलं आणि पलीकडे उतरलो.